एकाऐवजी दोन फोटो: वीरगळ, लेणी, शिलालेख आणि कातळशिल्पं त्रिमितीत टिपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावच्या वीरगळांचे (लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचे) आणि शिलालेखांचे फोटो काढत फिरताना हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. कधी शाळेतली मुलं विचारतात, कधी ट्रेकला जाणारे मित्र, कधी देवळाचा जीर्णोद्धार काढलेली मंडळी. प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावण्यापेक्षा सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

जोडफोटो म्हणजे नेमकं काय?

एकाच वस्तूचे, एकाच उंचीवरून, थोडं आडवं सरकून घेतलेले दोन फोटो. पहिला डाव्या डोळ्यासाठी, दुसरा उजव्या डोळ्यासाठी. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळं दिसतं. जवळची वस्तू दोन चित्रांत जास्त सरकलेली असते, लांबची कमी. या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. दोन फोटो त्या त्या डोळ्यापुढे धरले की तीच खोली कागदावरून उभी राहते. यालाच स्टिरिओ फोटो म्हणतात. मी जोडफोटो म्हणते, कारण त्यातला एक हरवला तर दुसऱ्याचा अर्थ निम्मा होतो.

हे तंत्र नवं आहे का?

मुळीच नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांनी आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे अशी जोडी पाहायचं उपकरण, १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. तेव्हा फोटोग्राफीचा शोध जाहीरही झाला नव्हता, म्हणून त्यांनी हाताने काढलेल्या रेखाकृतींच्या जोड्या वापरल्या. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला, तो १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात गाजला आणि घराघरांत पोचला.

आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट त्यानंतर अजिंठ्यात घडली. मेजर रॉबर्ट गिल हे नाव आपल्याकडे बहुतेकांना पारो या स्थानिक मुलीशी जुळलेल्या प्रेमकहाणीमुळे माहीत असतं. ती कहाणी मनाला भिडते हे खरं, पण तिच्या सावलीत गिलचं काम झाकलं गेलं याची मला खंत वाटते. मद्रासच्या सैन्यातला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला. कित्येक वर्षं खपून त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळून गेल्या.

पण मधल्या काळात गिलने कॅमेरा हाती घेतला होता, आणि तोही जोडफोटोंचा. पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग यांची शंभर त्रिमित चित्रं असलेलं त्याचं पुस्तक लंडनमध्ये १८६४ साली निघालं. वर्णनं लिहिली होती वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी. कॅनव्हास प्रत्येकी एकच होता, तो जळला आणि संपला. फोटोंच्या प्रती निघाल्या, त्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत गेल्या आणि टिकल्या. १८७९ मध्ये गिल भुसावळला वारला.

नकलांचं दुर्दैव तिथेच थांबलं नाही. जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा अजिंठ्याच्या नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमधल्या आगीत गेल्या. एकाच लेण्यांच्या नकला दोनदा जळाल्या. म्हणून खाली साठवणीबद्दल मी जे लिहिलं आहे, ते कृपा करून वगळू नका.

एक चांगला, स्वच्छ फोटो पुरत नाही का?

शिल्पाची ओळख पटवायला पुरतो. वाचायला नेहमी पुरत नाही.

शिलालेखाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे कोरून खोल गेलेली अक्षरं असतात, तशीच आजूबाजूचा दगड काढून उठावात ठेवलेलीही असतात. फारसी लेखांत उठाव बराच दिसतो, मराठी लेखांत दोन्ही प्रकार सापडतात. सपाट फोटोत मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतोय. प्रत्यक्षात तो खालून, म्हणजे फरशीवरून परतून येत असेल, तर खोल अक्षर उठावाचं वाटतं. झिजलेल्या दगडावर ही फसगत फार होते. अक्षराची रेघ कोणती आणि दगडाचा नैसर्गिक तडा कोणता, हेही एका फोटोत कळत नाही. जोडफोटोत तडा वेडावाकडा आत गेलेला दिसतो आणि छिन्नीची रेघ एका सारख्या खोलीने चाललेली दिसते.

एका गावात चावडीजवळच्या दगडावर मला एका फोटोत ‘१’ दिसत होता. जोडी पाहिल्यावर कळलं की तो आकडा नव्हे, टवका उडालेला आहे. शकाच्या आकड्यात अशी चूक झाली तर लेख शे-दोनशे वर्षं पुढेमागे जातो.

वीरगळाचंही तसंच. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन जाताना, वर शिवलिंगाची पूजा, ही मांडणी लांबूनही ओळखता येते. पण वीराच्या हातात तलवार आहे की धनुष्य, पायाशी गाय आहे की घोडा, हे ऊन-पावसाने झिजलेल्या दगडावर खोलीवरूनच ठरवावं लागतं. गाय असेल तर तो गोधन राखताना पडलेला वीर, इतका फरक पडतो.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल का?

हो, अगदी चालेल. वेगळा कॅमेरा घ्यायच्या आधी मोबाइलवर शंभर जोड्या काढा असंच मी सांगते.

मोबाइल आडवा धरा. मुख्य भिंगच वापरा, जास्त रुंद दाखवणारं भिंग कडा ताणतं. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही पक्के करा, म्हणजे दोन फोटोंत रंग बदलणार नाही. पाय थोडे फाकवून उभे राहा. वजन डाव्या पायावर टाकून पहिला फोटो, मग कंबर न वळवता वजन उजव्या पायावर घेऊन दुसरा. मधे फोन वरखाली होऊ देऊ नका आणि तिरका होऊ देऊ नका. आडव्या अंतरात थोडीफार चूक खपते, उभी चूक डोळ्यांना लगेच त्रास देते.

नेहमी आधी डावा, मग उजवा. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की घरी आल्यावर गोंधळ होत नाही. दोन फोटोंमध्ये दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको. पानं, झेंडे, शेळ्या आणि माणसं मधल्या वेळात हलतात, आणि हललेली गोष्ट जोडीत लुकलुकते. देवळावरच्या ध्वजाला मात्र इलाज नाही. वारा पडायची वाट पाहायची.

दोन फोटोंत किती सरकायचं?

जुना ठोकताळा आहे: सगळ्यांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर, त्याच्या तिसाव्या भागाइतकं. दोन मीटरवरच्या मूर्तीसाठी साडेसहा-सात सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डोळ्यांइतकंच. साठ सेंटिमीटरवरच्या ताम्रपटासाठी दोन सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरवरच्या नाण्यासाठी जेमतेम एक, आणि तिथे हाताचा भरवसा धरू नका. सरळ कडेच्या फळीवर पट्टी चिकटवा आणि फोन त्या कडेला टेकवून सरकवा.

हा ठोकताळा मागे दूरवरचा देखावा दिसतोय असं धरून केलेला आहे. वीरगळ भिंतीला टेकवून ठेवलेला असेल आणि चौकटीत त्याच्यामागे काहीच लांबचं नसेल, तर पंधराव्या भागापर्यंत खुशाल जा. उथळ कोरीवकामाला हे जास्त सरकणं फार मानवतं. मी अशा दगडांच्या दोन जोड्या काढते, एक ठोकताळ्यातली आणि एक दुप्पट सरकलेली. घरी बसून पाहताना जवळजवळ नेहमी दुसरीच कामी येते.

किल्ल्याचा किंवा सुळक्याचा जोडफोटो निघतो का?

निघतो, पण डोळ्यांच्या अंतराने नव्हे. समोरचा सुळका ३०० मीटरवर असेल तर दहा मीटर चालून दुसरा फोटो घ्यावा लागतो. रायलिंग पठारावरून लिंगाणा असा फार सुंदर उठतो. आजूबाजूच्या दरीची खोली साध्या फोटोत कधीच येत नाही, ती जोडीत येते. मात्र कड्याच्या अगदी काठाने चालत दुसरी जागा शोधू नका. काठापासून आत या, तिथून आडवे सरका. चौकटीत थोडं गवत आलं तर येऊ दे.

एवढं सरकून काढलेल्या जोडीत किल्ला छोटा वाटतो, दिवाळीत अंगणात केलेल्या मातीच्या किल्ल्यासारखा. यात चूक काही नाही. आपल्या दोन डोळ्यांत दहा मीटर अंतर असतं तर जग आपल्याला तितकंच लहान वाटलं असतं. तटबंदी, बुरूज, माची आणि बालेकिल्ला यांचा एकमेकांशी उंचीचा संबंध समजायला हे छोटेपण उलट उपयोगी पडतं. वेरूळचं कैलास लेणं डोंगरावरून पाहताना असाच अनुभव येतो. वरून खाली खोदत आणलेलं ते देऊळ भोवतीच्या कातळापासून किती सुटं केलंय, हे कळायला वरून तीन-चार पावलं सरकून काढलेली एक जोडी पुरते.

दुसरा फोटो काढताना कॅमेरा वस्तूकडे वळवायचा का?

नको. दोन्ही वेळा कॅमेरा समांतर ठेवा. वळवला की एका फोटोत चौकटीची डावी बाजू उंच होते, दुसऱ्यात उजवी, आणि कडेचे बिंदू वरखाली होतात. वस्तू चौकटीच्या मधून थोडी सरकली तरी चालेल. नंतर कापता येते. म्हणून काढताना कडेला थोडी जास्त जागा ठेवा.

उजेड कसा हवा?

तिरपा. सकाळी ऊन दगडाला घासून जातं तो अर्धा तास सोन्यासारखा. दुपारी बारा वाजता समोरून उजळलेलं शिल्प सपाट होतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर वर्षातले कित्येक महिने थेट ऊन येत नाही. तिथे पांढरा थर्माकोल किंवा साधा आरसा धरून बाजूने उजेड टाकायचा. दोन फोटोंत आरसा हलू देऊ नका, नाहीतर सावलीच वेगळी पडते आणि मेंदू त्या सावलीलाही खोली समजतो.

कातळशिल्पं जमिनीवर आहेत. त्यांची जोडी कशी काढायची?

हा माझा सगळ्यांत आवडता भाग आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा भागातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला त्यांचीच भावंडं आहेत, बैल आणि ते गोल चक्रव्यूह. या खाचा उथळ असतात. जांभा मुळातच खडबडीत, भोकाभोकांचा. भर उन्हात फोटो काढला तर कोरलेली रेघ आणि दगडाची नैसर्गिक भोकं एकमेकांत मिसळून जातात.

फोन लांब काठीला लावून वरून सरळ खाली रोखा. बांबूही चालतो. टायमर किंवा ब्लूटूथचं बटण वापरा. काठीचं टोक एका जागेवर ठेवून काठी कलवू नका, फोन तिरका होतो. दोघांनी मिळून काठीच आडवी सरकवायची. फोन तीन मीटर उंच असेल तर पंधरा-वीस सेंटिमीटर सरका. हेही ठोकताळ्यापेक्षा जास्तच आहे, कारण सपाट सड्यात मागे लांबचं काही नसतं. वेळ सूर्य उगवल्यावरची किंवा मावळण्याआधीची. फोटो काढणाऱ्याची स्वतःची लांब सावली शिल्पावर पडते, म्हणून उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा.

मोठं शिल्प एका चौकटीत मावणार नाही. काशेळीचा हत्ती पंधरा मीटरपेक्षाही लांब आहे. अशा वेळी एकेका भागाच्या जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीत शेजारच्या भागाचा थोडा तुकडा येऊ द्या. शिल्पावर पाय देऊ नका. चप्पल काढूनही नको.

दगडावर शेंदूर, तेल किंवा शेवाळ आहे. साफ करू का?

नाही. खरवडू नका, पाणी ओतू नका, अक्षरांत खडू किंवा रांगोळी भरू नका. खडूने रेघ ओढणारा माणूस दगड जसा आहे तसा टिपत नाही, त्याने जे वाचलं ते दगडावर लिहितो. पुढच्या वाचणाऱ्याला मग मूळ रेघ दिसतच नाही. शेंदराचा थर ही त्या गावाची श्रद्धा आहे आणि कधी कधी त्याच थराने आतला दगड वाचवलेला असतो. फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना, गुरवांना, शेजारच्या घरातल्या आजींना विचारा. बहुतेक ठिकाणी त्या स्वतःच सांगतात की हा देव पूर्वी कुठे होता आणि केव्हा हलवला. ती माहिती फोटोइतकीच मोलाची, लगेच लिहून ठेवा.

अजिंठ्यात जोडफोटो काढता येतील का?

चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिपाई लावायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आधी परवानगी घ्यावी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे विचारायचं. ड्रोन परवानगीशिवाय कुठेही उडवू नका.

हातात धरून काढायचं तर चित्रांपेक्षा शिल्पांकडे वळा. एकोणिसाव्या लेण्याचा दर्शनी भाग, सव्विसाव्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती. चित्रं सपाट, त्यांत जोडफोटोला सांगण्यासारखं थोडं असतं. एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. रंगाखालचा गिलावा कुठे सुटलाय, पोपडा कुठे उचललाय, हे जोडफोटोत स्पष्ट दिसतं. जतनाचं काम करणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

उपकरणाशिवाय जोडी पाहता येते का?

येते, थोडा सराव हवा. डावा फोटो डावीकडे, उजवा उजवीकडे ठेवा. दोन्हींतल्या सारख्या बिंदूंमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. पडदा नाकाजवळ आणा आणि त्याच्या पलीकडे, भिंतीवर पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा. दोनाची तीन चित्रं होतील. मधल्या चित्राकडे लक्ष ठेवून पडदा हळूहळू लांब न्या. मधलं चित्र एकदम उभं राहतं.

दुसरी रीत डोळे तिरळे करून पाहण्याची. तिच्यासाठी फोटोंची अदलाबदल करावी लागते, उजवा डावीकडे. हिचा फायदा असा की चित्रं कितीही मोठी चालतात. डोळे दुखायला लागले की थांबा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुष्कळ झाली.

भूगोल शिकलेल्यांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला विमानातून घेतलेले फोटो तारेच्या पायांच्या छोट्या स्टिरिओस्कोपखाली पाहिलेले असतील. तेच उपकरण इथे उत्तम चालतं. अनेक महाविद्यालयांच्या भूगोल विभागात ते कपाटात पडून असतं. विचारून पाहा.

लाल-निळ्या चष्म्याचा प्रकार चांगला की वाईट?

गर्दीला दाखवायला चांगला. एका पडद्यावर शंभर माणसं पाहू शकतात, चष्मे कागदाचे असतात. लाल काच डाव्या डोळ्यावर. या पद्धतीत रंग बिघडतात, म्हणून अजिंठ्याच्या चित्रांना ती वापरू नका. पण आपली बहुतेक शिल्पं काळ्या-करड्या बेसॉल्टची आहेत. फोटो आधी कृष्णधवल करून घेतले तर लाल-निळ्यात ती इतकी छान दिसतात की रंगाची उणीव जाणवतही नाही. गावच्या देवळात मी हाच प्रयोग करते. रोज नमस्कार करतात त्या दगडावरचा घोडेस्वार पडद्यातून बाहेर आलेला पाहून माणसं उठून पुढे येतात.

एकट्याने निवांत अभ्यास करायचा असेल तर भिंगांचा स्टिरिओस्कोप किंवा डोक्याला लावायचा व्हीआर चष्मा बरा, रंगही खरे राहतात.

सगळ्यांना दिसतं, मला का दिसत नाही?

काही लोकांचे दोन डोळे एकत्र काम करत नाहीत. लहानपणचा तिरळेपणा किंवा एका डोळ्याची कमी नजर ही नेहमीची कारणं. त्यांच्यासाठी दोन्ही फोटो आलटून पालटून दाखवणारं हलतं चित्र करा. खोली दोन डोळ्यांनी नाही, तरी हालचालीतून कळते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१२ साली आपल्या संग्रहातल्या जोडफोटोंच्या हजारो जुन्या कार्डांसाठी हीच सोय वाचकांना करून दिली. सराव करूनही कधीच खोली दिसत नसेल आणि आधी कुणी तपासलं नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

नाक आत गेलेलं आणि पाठभिंत पुढे आलेली दिसते. काय चुकलं?

डावा-उजवा उलटला. फोटोंची अदलाबदल करा किंवा चष्मा उलटा लागलाय का बघा. मूर्तीत ही चूक लगेच कळते. शिलालेखात कळत नाही आणि कोरलेलं अक्षर उठावाचं समजून तसंच नोंदलं जातं. म्हणून प्रत्येक दगडाच्या एका तरी जोडीत पुढे ठेवलेली ओळखीची वस्तू येऊ द्या. मी मोजपट्टी दगडाच्या थोडी पुढे, छोट्या खड्यावर ठेवते. ती आत बुडालेली दिसली की जोडी उलटी आहे.

जोडफोटोवरून मोजमाप घेता येतं का?

येतं, पण पाहायची जोडी आणि मोजायची जोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून आकडे देते.

समजा दोन मीटरवरून वीरगळाचा फोटो काढला आणि फोटोतला एक ठिपका (पिक्सेल) दगडावर सुमारे ०.६ मिलिमीटर व्यापतो. दोन जागांमधलं अंतर सात सेंटिमीटर असेल तर ते वस्तूच्या अंतराच्या जवळपास तिसावा भाग झालं. दोन फोटोंतले सारखे बिंदू जुळवताना एका ठिपक्याची चूक झाली की खोलीत तिच्या तीसपट चूक होते, म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. वीरगळाचं कोरीवकामच दोन-तीन सेंटिमीटर खोल असतं, मग काय मोजणार? पन्नास सेंटिमीटर सरकून काढलेल्या जोडीत हीच चूक अडीच मिलिमीटरवर येते. पण ती जोडी डोळ्यांनी पाहायला जाल तर डोकं दुखेल. म्हणून दोन्ही काढा.

फोटोवरून इमारत मोजायची कल्पना जुनी आहे. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुरचनाकार १८५८ साली वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर माणूस चढवण्याऐवजी तिचे फोटोच मोजावेत असं त्याच्या मनाने घेतलं, आणि १८८५ साली बर्लिनमध्ये त्यासाठी सरकारी संस्थाही उभी राहिली.

या विचाराची खरी किंमत बामियानला कळली. अफगाणिस्तानातल्या त्या उभ्या बुद्धमूर्ती, मोठी पन्नास मीटरहून उंच, मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या गेल्या. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तांत्रिक विद्यापीठाचे प्रा. रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेऊन ठेवले होते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या चमूने मोठ्या बुद्धाचं संगणकीय त्रिमित रूप तयार केलं. पर्यटकांचे आणि इंटरनेटवरचे फोटोही त्यांनी तपासले, पण सगळ्यांत भरवशाचं रूप कोस्टकांच्या फोटोंवरून निघालं. ते फोटो घेतले तेव्हा मूर्तींना काही होईल असं कुणाला वाटलं असेल?

आता मोबाइलवरच थ्रीडी मॉडेल होतं. मग जोडफोटो कशाला?

वेळ असेल तर मॉडेल जरूर करा. दगडाभोवती फिरत, प्रत्येक फोटो आधीच्यावर साठ ते ऐंशी टक्के चढेल असे पन्नास-शंभर फोटो काढा. मेशरूमसारख्या विनामूल्य प्रोग्रामने मॉडेल होतं.

पण मॉडेल हा संगणकाचा अंदाज असतो. जिथे बिंदू जुळत नाहीत तिथे तो पृष्ठभाग गुळगुळीत करून टाकतो, आणि झिजलेली अक्षरं नेमकी तिथेच असतात. जोडफोटोत कुणी काही भरलेलं नाही. भिंगातून जे आलं ते तसंच आहे, आणि अर्थ लावणारा डोळा तुमचा. शिवाय मॉडेलच्या फायली उघडणारे प्रोग्राम बदलत राहतात. दोन साधे फोटो पन्नास वर्षांनीही उघडतील. जास्त अंतराच्या दोन-तीन जोड्या नीट काढलेल्या असतील तर पुढे त्यांच्यातूनही मॉडेल निघू शकतं.

फायलींना नावं काय द्यायची आणि ठेवायच्या कशा?

तालुका, गाव, वस्तू, तारीख, जोडी क्रमांक आणि शेवटी ‘डा’ किंवा ‘उ’. जसं, जुन्नर, मग गावाचं नाव, वीरगळ ३, तारीख, जोडी ०२, डा. सोबत एक साधी नोंद: दगडापासूनचं अंतर, किती सरकलात, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला, त्याची उंची-रुंदी, माहिती कुणी सांगितली. फोनमधली वेळ आणि तारीख बरोबर आहे ना, तेही तपासा.

मूळ फोटोंना हात लावू नका. जुळवणं, कापणं सगळं प्रतीवर. जुळवायला स्टिरिओफोटो मेकर हा विनामूल्य प्रोग्राम उत्तम आहे, तो उभी चूक आपोआप काढतो. मूळ फायली तीन ठिकाणी ठेवा आणि त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या गावातलं असू द्या. मी एक प्रत त्या गावच्या शाळेलाही देते. माझी हार्ड डिस्क एकदा बंद पडली तेव्हा एका गावातल्या अकरा वीरगळांच्या जोड्या मला त्या शाळेच्या संगणकावरूनच परत मिळाल्या. मधल्या काळात त्यातले दोन दगड रस्त्याच्या कामात गेले होते.

घरात आजोबांची जुनी स्टिरिओ कार्डं सापडली आहेत. काय करू?

आधी, सपाट करू नका. जाड पुठ्ठ्याची ती वाकलेली कार्डं मुद्दाम तशीच बनवलेली आहेत. दाबली तर वरचा फोटो तडकतो. लॅमिनेशन नको, मागे चिकटपट्टी नको. स्कॅनरचं झाकण दाबण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने, दोन्ही चित्रं एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा.

कार्डाच्या कडेला बहुधा कंपनीचं नाव छापलेलं असतं. अमेरिकेतल्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने जेम्स रिकाल्टन यांनी भारतात काढलेल्या शंभर दृश्यांचा संच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला होता. त्यात मुंबईही आहे. पाठीमागचा मजकूर वाचा, पण तो त्या काळच्या परक्या पाहुण्याच्या नजरेतून लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवा. चित्रातली जागा आज ओळखता आली तर तिथे जाऊन त्याच कोनातून तुमची जोडी काढा. जुनी आणि नवी शेजारी ठेवून पाहताना कोणती कमान पडली, कुठे नवी भिंत आली, हे लेख वाचून कळणार नाही इतकं लख्ख कळतं.

दगडाचं नेमकं ठिकाण सगळ्यांना सांगावं का?

जमिनीत घट्ट रोवलेल्या वीरगळाचं सांगायला हरकत नाही. सुट्या, उचलून नेता येतील अशा मूर्तींचं फक्त गाव किंवा तालुका सांगा, नेमके अक्षांश-रेखांश नको. फोटो पाठवण्याआधी फायलीत दडलेली जागेची माहितीही काढून टाका. ती मूळ फायलीत आणि पुरातत्त्व खात्याला दिलेल्या नोंदीत असली की झालं. मूर्ती चोरीला गेली तर ओळख पटवायला ठसठशीत जोडफोटो फार कामी येतो, कारण टवका कुठे उडालाय आणि छिन्नीचा घाव किती खोल आहे, हे दुसऱ्या कोणत्याही मूर्तीत तसंच नसतं.